दीड अंशाची पकड

उसाचा हंगाम जवळ आला की माजलगाव, गेवराई, केज भागातल्या वर्कशॉपांपुढे ट्रॅक्टर दुरुस्तीला लागतात. स्टिअरिंगचा बॉल जॉइंट बदलताना मिस्त्री नट काढतो, तरी जॉइंट जागचा हलत नाही. तो ज्या भोकात बसलाय त्याच्या बाजूवर हातोड्याचा नेमका घाव बसला, की मग टणकन सुटतो. त्याला इतकं घट्ट धरून ठेवतो तो पिनेचा निमुळता उतार, म्हणजे टेपर.

याच उताराच्या बळावर लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसतं. अमेरिकेच्या स्टीफन मोर्स यांच्या नावाचा टेपर 1860च्या दशकापासून जगभर चालतो. त्यातल्या 2 नंबरचा व्यास दर 20 मिलिमीटरला सुमारे 1 मिलिमीटर उतरतो. अक्षाशी कोन फक्त 1 अंश 25 मिनिटं 50 सेकंद. पोलादावर पोलाद घसरायला साधारण आठ अंशांचा उतार लागतो. इथे तर दीडही नाही. म्हणून एकदा ठोकून बसवलेला टेपर आपणहून सुटत नाही, आणि ड्रिल जितकं आत दाबलं जातं तितकी पकड वाढते.

आता हा कोन घरच्या लेथवर आणायचा कसा? टूल धरून तिरकी फिरवता येणारी कंपाउंड स्लाइड असते, तिच्यावर खुणा असतात एकेका अंशाच्या. 25 मिनिटं 50 सेकंद तिथे डोळ्यांनी लावणं अशक्यच. इथे भूमिती मदतीला येते: कोन मोजायचाच नाही, गुणोत्तर मोजायचं!

दोन सेंटरमध्ये ग्राइंड केलेला सरळ बार धरा. टूलपोस्टला डायल गेज बांधा, टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर. आधी कॅरेज चालवून पाहा. बार अक्षाला समांतर असेल तर काटा हलणार नाही. मग कॅरेज जागीच ठेवून फक्त कंपाउंड 40 मिलिमीटर सरकवा. काटा 1 मिलिमीटरला अगदी थोडा कमी, 0.999 दाखवेपर्यंत स्लाइड हलक्या हाताने फिरवत राहा. डायलचं एक शतांशाचं घर म्हणजे कोनात एक मिनिटही नाही. ज्या यंत्राच्या खुणा पूर्ण अंशाच्या, त्यावर अंशाचा साठावा भाग हाती येतो!

यापुढची गोष्ट मला सर्वांत थक्क करते. टूलचं टोक सेंटरच्या जरा खाली-वर राहिलं, तर सरळ रेषेत चालणाऱ्या टूलनेही शंकू कापला जात नाही. कड अपास्त (हायपरबोला) वक्राची होते. औष्णिक वीजकेंद्रांत कंबरेशी बारीक असलेले अजस्र कूलिंग टॉवर उभे असतात, त्यांच्याच घराण्यातला हा आकार! वाक नजरेला दिसणार नाही इतका सूक्ष्म. पण सोबत उतारही चुकतो, आणि तेवढं या जोडाला खपत नाही.

खरा निकाल देतो निळा रंग. जॉबवर लांबीच्या दिशेने पातळ रेघा ओढा, खात्रीच्या स्लीव्हमध्ये बसवा, किंचित फिरवून काढा. रंग फक्त जाड टोकाला पुसला तर उतार जास्त झालाय. फक्त बारीक टोकाला पुसला तर कमी. लांबीभर सारखा पुसला, तर टेपर जमला. महागड्या यंत्राशिवाय, एक सरळ बार, एक डायल आणि चिमूटभर रंग यांवर ही अचूकता कुणालाही साधते.