माइल्स साठवू नका, वापरा!

मी सॉफ्टवेअरवाला, कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा पुणे-दिल्ली करतो. तिकीट कंपनीचं, माइल्स मात्र माझ्या नावावर. भारी ना? पण हे माइल्स म्हणजे नेमकं काय?

सोपं आहे. माइल्स म्हणजे विमान कंपनीने छापलेलं चलन. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ‘ॲडव्हांटेज’ योजना आणली, तेव्हा जेवढं अंतर तेवढे माइल्स, असा सरळ मामला होता. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने अंतराऐवजी तिकिटाची किंमत धरायला सुरुवात केली. म्हणजे नियम करणारे तेच, बदलणारेही तेच.

म्हणून हिशोब करा. समजा तिकीट ६,००० रुपयांचं आहे. माइल्सने घेतलं तर १०,००० माइल्स आणि वर १,००० रुपये टॅक्स. वाचले ५,०००, म्हणजे एका माइलला ५० पैसे. गिफ्ट व्हाउचर घेण्याआधी त्याचाही असाच भाव काढा.

आणि साठवत बसू नका. बँकेत निदान व्याज मिळतं. इथे उलट मुदत संपते, भाव पडतो. माझे आई-बाबा अजून विमानात बसलेले नाहीत. यंदा माझे माइल्स त्यांच्या तिकिटांना जाणार.

तुमचं काय? ऐकून झालं की ॲप उघडा आणि आधी मुदत बघा.