बेकायदा झडती आणि सांपडलेल्या कागदाचें प्रामाण्य

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. स्वहस्तें लिहिलेला लेख साक्षीदारांवांचूनहि प्रमाण होय, मात्र तो बलानें वा कपटानें करविलेला नसावा, असेंहि तेथें म्हटलें आहे. हा बलाचा दोष लेख करविण्यांतील झाला. परंतु लेख अस्सल आहे, राजीखुशीनें लिहिलेला आहे, आणि तो हस्तगत करतांना मात्र राजपुरुषांनीं अधिकारावांचून घर धुंडाळलें, तर तो न्यायसभेपुढें यावा कीं नाहीं? हा प्रश्न निराळा आहे. दप्तरें धुंडाळणाऱ्यांनीं तो समजून घेण्यासारखा आहे. कारण या वादाचें मूळ एका ग्रंथकाराच्या कागदांच्या जप्तींत सांपडतें.

ता. ११ नोव्हेंबर १७६२ रोजीं इंग्लंडांत नेथन कॅरिंग्टन व त्याचे तीन सोबती जॉन एंटिक या लेखकाच्या घरांत शिरले. त्यांच्याजवळ मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स याचा हुकूम होता. चार तास पेट्या व खण उघडून त्यांनीं कागद नेले. एंटिकनें फिर्याद केली. ज्यूरीनें नुकसानी ३०० पौंड ठरविली. आणि १७६५ सालीं लॉर्ड कॅमडेननें निकाल एंटिकच्या बाजूनें दिला. त्याचा मुद्दा आपल्या वाचकांस विशेष पटेल. शपथेवर पुरावा, देखरेखीस माणूस, नेलेल्या जिनसांची यादी व तिची नक्कल, हीं बंधनें या हुकुमास नव्हतीं. असा अधिकार खरोखर असता तर कायद्यानें हीं बंधनें केव्हांच घातलीं असतीं, असें तो म्हणाला. तथापि येथें भरपाईचा निर्णय झाला. असे कागद पुराव्यांतून वगळावे कीं काय, हा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेंत सुटला. तेथील घटनेंत १७९१ सालीं अयोग्य झडतीविरुद्ध चौथी दुरुस्ती आली. पुढें कॅन्सस शहरच्या वीक्स नांवाच्या इसमाच्या खोलींतून वॉरंटाशिवाय पत्रें नेण्यांत आलीं. सरकारी अंमलदारानें अशीं नेलेलीं पत्रें मालकानें मागितल्यावर परत द्यावयास हवीं होतीं, पुराव्यांत घ्यावयास नको होतीं, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९१४ सालीं दिला. हा नियम प्रथम केंद्रीय खटल्यांपुरता होता. मॅपच्या खटल्यानें १९६१ सालीं तो सर्व संस्थानांस लागू झाला. पुढें त्यास अपवादहि पडले.

इंग्रजी परंपरा मात्र दुसऱ्या वाटेनें गेली. केन्यांतील कुरुमाच्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलनें १९५५ सालीं सांगितलें कीं, पुरावा प्रस्तुत असला म्हणजे तो कसा मिळविला हें न्यायालय पाहत नाहीं. मात्र आरोपीवर अन्याय होत असल्यास तो वगळण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे.

आपलें सर्वोच्च न्यायालय बहुतांशीं याच वाटेनें गेलें. टपाल दाबून ठेवल्याचा आरोप असलेल्या राधाकिशनच्या खटल्यांत (१९६३) झडती बेकायदा धरली, तरी जप्ती रद्द होत नाहीं, असें ठरलें. अशा झडतीचे परिणाम दोनच सांगितले: घरवाल्यास तिला अडथळा करतां येईल, आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक बारकाईनें तपासील. पूरणमलच्या निकालानें (१९७४) हें तत्त्व दृढ केलें. अमली पदार्थांच्या कायद्यांत मात्र अपवाद आहे. अंगझडतीपूर्वीं आरोपीस त्याचा हक्क न सांगितल्यास अंगावर सांपडलेल्या मालावरून त्याचा ताबा शाबीत करतां येत नाहीं, असें बलदेवसिंगच्या खटल्यांत (१९९९) ठरलें.

यास्तव आपल्याकडे सर्व भार पंचनाम्यावर पडतो. वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानें कारणें लिहून ठेवावीं, स्थानिक प्रतिष्ठित पंच बोलवावे, यादी करावी व घरवाल्यास नक्कल द्यावी, हे नियम १९७३ च्या संहितेंत होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत आहेत, आणि झडतीचें दृक्‌श्राव्य चित्रणहि आतां आवश्यक केलें आहे. कॅमडेननें मोजलेल्या बंधनांपैकीं बहुतेक येथें आढळतील.

परंतु नियम मोडूनहि कागद आंत येतो, तर नियमाचा धाक कोणास? शिपाई दाराशीं उभा असतां अडथळा करण्याचा हक्क गरिबाच्या उपयोगाचा नाहीं. त्याला उरतो तो पंचनाम्यांतील दोष दाखविण्याचा मार्ग. आणि पंच पोलिसांच्या नेहमींच्या ओळखीचेच असले, तर तोहि अरुंद होतो. म्हणून पंचनाम्याकडे निव्वळ कारकुनी कागद म्हणून पाहूं नये.

संग्राहकांसहि यांत बोध आहे. जुन्या फौजदारी दप्तरांत जप्त केलेलें पत्र आढळल्यास तें त्याच्या पंचनाम्यापासून व यादीपासून तोडूं नये. एकाच रुमालांत ठेवावें. पत्र काय सांगतें हें पत्रांत असतें. तें कोणाच्या घरून, कोणासमक्ष व कोणत्या अधिकारानें आलें, हें यादीवांचून कळत नाहीं.