फटच नको!

दोस्तांनो, घरातला टीव्हीचा रिमोट जरा हातात घ्या पाहू. (प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला असेल, तर बाहेर काढा!) बटणांच्या कडेला काय दिसतंय? काळपट मळ. नेहमीच्या बटणांवरचे आकडेही पुसट झाले असतील. रिमोटचं ठीक आहे हो, चुकीचं चॅनेल लागेल, एवढंच. पण अशी बटणं हॉस्पिटलमधल्या यंत्रावर असती तर?

इन्फ्युजन पंपाचंच बघा. सलाइनच्या स्टँडला लावलेलं हे यंत्र रोग्याच्या शिरेत ठरावीक वेगानं औषध सोडतं. तो वेग सिस्टर बटणं दाबून ठरवतात. पंप आज एका रोग्यापाशी, तर उद्या दुसऱ्यापाशी. बटणाच्या फटीत रक्ताचा थेंब सुकून राहिला, तर त्याच्याबरोबर जंतूही दुसऱ्या खाटेपाशी जाणार! म्हणून पंप वरचेवर जंतुनाशकानं पुसावा लागतो.

यावर उपाय म्हणजे फटच ठेवायची नाही. असे 'मेम्ब्रेन कीपॅड' तुम्ही मायक्रोवेव्ह ओव्हनवर पाहिले असतील. वर पॉलिएस्टरचा एकसंध पातळ पडदा, खाली दुसरा, आणि मध्ये भोकं पाडलेला तिसरा. वरच्या-खालच्या पडद्यांवर चांदीचे कण मिसळलेल्या शाईनं विजेच्या वाटा छापलेल्या असतात. बोटानं दाबलं, की भोकातून शाईला शाई टेकते आणि विद्युतमंडल पूर्ण! आकडे कुठं छापतात, ठाऊक आहे? पडद्याच्या मागच्या बाजूला, उलटे. कितीही पुसा, फडकं शाईपर्यंत पोचतच नाही. आहे की नाही युक्ती?

बरं, पडदाही कुठलाही चालत नाही. पॉलिकार्बोनेट मजबूत खरं, पण काही जंतुनाशकांनी त्याला बारीक तडे जातात. तडा म्हणजे पुन्हा फटच की! तिथं पॉलिएस्टर जास्त टिकतं.

खरी पंचाईत पुढंच आहे. सपाट पडद्यावर बटण दाबलं गेलं की नाही, हे हातमोज्यातल्या बोटाला कळत नाही. मग माणूस पुन्हा दाबतो आणि 5 चे होतात 55. औषध अकरा पट! म्हणून पडद्याखाली धातूची इवलीशी घुमटी बसवतात. दाबली की ती 'टिक्' करून खाली बसते, बोट उचललं की पुन्हा वर.

पण धातूला धातू टेकताना क्षणभर थरथरतो, बरं का! यंत्र तेवढ्यात एका दाबाचे दोन मोजू शकतं. त्यामुळं काही मिलिसेकंद थांबून, थरथर संपल्यावरच आकडा घ्यायचा, असं त्याला शिकवून ठेवलेलं असतं. शिवाय पुष्कळसे पंप तो आकडा पडद्यावर दाखवून सिस्टरना विचारतात, 'नक्की?' त्यांनी होकाराचं बटण दाबलं, की मगच औषधाचा पहिला थेंब निघतो.