यंत्र आपले, आतले सॉफ्टवेअर कोणाचे?

पुस्तक विकत घेतले की ते आपले झाले, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. त्यावर नाव घालावे, समासात पेन्सिलीने टिपणे करावीत, पाने सुटली तर बाइंडरकडे द्यावे. प्रकाशक काही विचारावयास येत नाही. परंतु ई-इंकच्या पडद्याचे वाचनयंत्र, म्हणजे ई-रीडर किंवा टॅब्लेट, विकत घेतले तर? यंत्राचे पैसे आपण मोजलेले असतात. पण ते चालविणारे सॉफ्टवेअर बदलण्याची मुभा आपल्याला किती? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेशीर आणि व्यावहारिक अशी दोन्ही अंगे पाहावयाची आहेत.

हा प्रश्न मला घरातच भेटला. माझ्या आईचे माहेर मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, कन्नौदला. मामांना मराठी पुस्तक हवे असले की इंदूरची खेप होईपर्यंत थांबावे लागे. आता ते ई-रीडरवर मराठी वाचतात व समाधानी आहेत. वडिलांची आई, आमची आजी, कन्नड वाचते. तिच्यासाठी तसेच यंत्र घेण्याचे ठरले, तेव्हा कळले की दोन्ही भाषांना पडद्यावर सारखी वागणूक नाही. अॅमेझॉनने २०१६ च्या अखेरीस किंडलवर भारतीय भाषांची ई-पुस्तके विकावयास आरंभ केला, तेव्हाच्या यादीत हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती व मल्याळम या पाच भाषा होत्या, कन्नड नव्हती. मामा म्हणाले, “अरे, सॉफ्टवेअर बदलून घ्या की!” ते म्हणणे सोपे, करणे कितपत शक्य व कितपत रास्त, हे शोधताना जे हाती आले ते येथे मांडतो.

प्रथम अडचण समजून घेऊ. आपल्या लिप्यांना नुसता फाँट पुरत नाही. मराठीतील जोडाक्षर किंवा रफार, कन्नडमधील अक्षराखाली लागणारे ओत्तक्षर, ही सर्व योग्य जागी बसविणारा प्रोग्राम यंत्रात असावा लागतो. तो नसेल तर अक्षरे सुटी पडतात आणि वाचणारा कंटाळतो. यावर तीन पायऱ्यांचे उपाय आहेत. पहिला, यंत्रात आपला फाँट घालणे. अनेक कंपन्या तशी सोय स्वतःच देतात, आणि ‘नोटो’सारखे कन्नड व देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर फुकट मिळतात. येथे कायद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरा, ‘केओरीडर’सारखा मुक्त वाचन-प्रोग्राम मूळ सॉफ्टवेअरच्या जोडीला बसविणे. तिसरा, यंत्राची मूळ प्रणालीच बदलणे. धोका पायरीगणिक वाढत जातो.

आता कायदा. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. म्हणून त्यात फेरफार करण्याचा हक्क मूळ मालकाचा, हा सामान्य नियम. परंतु त्याच कायद्याचे कलम ५२ काही कृत्यांना हक्कभंगातून वगळते. १९९९ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. स्वतंत्रपणे रचलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळविणे, प्रोग्राम कसा चालतो हे अभ्यासणे, आणि कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीत स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी फेरफार करणे, यांना मुभा मिळाली. ‘बिगरव्यापारी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. आजीच्या यंत्रात फेरफार करणे ही एक गोष्ट. गल्ल्यावर बसून कंपनीचे सॉफ्टवेअर बदललेली यंत्रे विकणे ही वेगळी.

दुसरे कलम ६५-अ, २०१२ च्या दुरुस्तीने आलेले. हक्कांच्या रक्षणासाठी घातलेले तांत्रिक कुलूप जो हक्कभंगाच्या हेतूने फोडील, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. ‘हक्कभंगाच्या हेतूने’ या शब्दांवर सारा भर आहे. कन्नड अक्षरे नीट दिसावीत हा हेतू हक्कभंगाचा नव्हे. उलट, पुस्तकाचे कुलूप काढून त्याच्या प्रती मित्रांत वाटणे हा उघड हक्कभंग होय. शिवाय दुसऱ्याला कुलूप काढण्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व कारण यांची नोंद ठेवावी, असेही हे कलम सांगते. यंत्रदुरुस्तीचे दुकान काढू पाहणाऱ्या आपल्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत याहून कडक व्यवस्था आहे. तेथे कुलूप फोडणे हेच मुळात निषिद्ध. सूट हवी तर ती दर तीन वर्षांनी मागावी लागते. फोनना ती २०१० मध्ये व सर्वसाधारण टॅब्लेटना २०१५ मध्ये मिळाली. मात्र एकाच प्रकारच्या मजकुरासाठी बनविलेली यंत्रे तिच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे नुसते वाचनासाठी असलेले यंत्र नेमके बाहेर राहिले!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आणखी एक प्रश्न पडतो : ही विक्री की परवाना? सुप्रीम कोर्टाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ साली ठरविले की, माध्यमावर घालून विकलेले सॉफ्टवेअर विक्रीकरापुरते ‘माल’ आहे. पुढे २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अॅनॅलिसिसच्या खटल्यात स्पष्ट झाले की, वापरणाऱ्याला प्रत मिळते, कॉपीराइट नव्हे. थोडक्यात, यंत्र व त्यातील प्रत आपली, रचनेचा हक्क त्यांचा. पण यंत्र सुरू करताना आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो त्या करारात फेरफारास बहुधा मनाई असते. करार मोडणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही; तथापि कंपनी खाते बंद करू शकते, हमी नाकारू शकते. करार अवाजवी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये राज्य आयोगाकडे दाद मागता येते. जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. कंपनीच्या हाती किती सत्ता असते हे २००९ साली दिसले. त्या वर्षी अॅमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दुरूनच पुसल्या, पैसे परत दिले, पण पुस्तक गेले.

कायदा वाट देतो, तेथे यंत्र अडविते. बऱ्याच ई-रीडरच्या मुळाशी लिनक्स आहे. त्याच्या परवान्यानुसार कंपनीला त्या भागाचा मूळ कोड द्यावा लागतो. पण आपण बदललेला कोड यंत्राने स्वीकारलाच पाहिजे असे त्यात नाही. नकाशा मिळतो, किल्ली मिळत नाही. त्यातून ई-इंकचा पडदा नाजूक कामाचा. त्यातील काळे-पांढरे कण किती वेळ व कोणत्या विद्युतदाबाने हलवावयाचे याचे तक्ते पडद्यानुसार व तापमानानुसार बदलतात, आणि ते सहसा उघड नसतात. म्हणून तिसऱ्या पायरीवर चुकले तर यंत्र निर्जीव होण्याची भीती असते. शिवाय आज सापडलेली फट कंपनी पुढच्या अपडेटमध्ये बुजवू शकते.

सर्वच कंपन्या दार लावून बसत नाहीत. नॉर्वेच्या ‘रीमार्केबल’ने आपल्या टॅब्लेटच्या सेटिंगमध्येच आत शिरण्याचा पासवर्ड दिला; कोबोवर कुलूप न फोडता केओरीडर बसतो. आम्हीही शेवटी फोडण्याच्या भानगडीत न पडता, दार उघडे ठेवणारे यंत्र निवडले. आजी आता त्यावर कन्नड वाचते; अक्षर मोठे करता येते याचे तिला अधिक कौतुक!

भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ही आशेची खूण आहे. परंतु पोर्टल माहिती देते, किल्ली देत नाही. तोपर्यंत ग्राहकाचे सामर्थ्य खरेदीपूर्वीच्या चौकशीत आहे. आपली लिपी नीट दिसते का, आपला फाँट घालता येतो का, बाहेरचे पुस्तक उघडते का, हे तीन प्रश्न दुकानातच विचारावेत. ज्या भाषांचे वाचक हे विचारणार नाहीत, त्या भाषांची आठवण कंपन्यांना तरी कशी राहावी?