पिंजऱ्यातील सूक्ष्म शत्रू : शुगर ग्लायडर आणि जिआर्डिया

घरात मुक्या जिवाला आश्रय देण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. पांजरपोळ, पक्ष्यांसाठी चबुतरा, गाईसाठी पहिला घास हे सारे आपल्या घरांच्या परिचयाचे आहे. अलीकडे मात्र या यादीत काही परदेशी पाहुण्यांची भर पडू लागली आहे. त्यांतील एक म्हणजे शुगर ग्लायडर. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथील हा प्राणी कांगारूप्रमाणे पिशवीधारी आहे. त्याचे वजन साधारणतः शंभर ते दीडशे ग्रॅम असते. डोळे मोठे, अंग मऊ आणि पुढच्या व मागच्या पायांच्या दरम्यान पातळ त्वचेचा पडदा. त्या पडद्याच्या आधाराने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. मोठ्या शहरांतील दुकानांतून असा प्राणी विकत घेता येतो आणि मुलांच्या हट्टापायी तो नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या गावांतील घरांतही येऊ शकतो.

त्याच्यासोबत एक अदृश्य सहप्रवासीही येण्याचा संभव असतो. त्याचे नाव जिआर्डिया. हा आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी आहे. एका ग्लायडरला त्याची बाधा झाली की त्याच पिंजऱ्यातील इतरांनाही ती होते. केवळ औषध देऊन हा रोग पुष्कळदा जात नाही आणि उपचारात ढिलाई झाली तर इवलासा जीव पाहता पाहता हातचा जातो. म्हणून प्राणी घरात आहे किंवा येणार आहे अशा प्रत्येक कुटुंबाने या परजीवीची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याने पाहिलेला जीव

जिआर्डियाचा शोध एका व्यापाऱ्याने लावला, ही गोष्ट आपल्या वाचकांना रंजक वाटेल. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी होते. कापडाचे सूत पारखण्यासाठी त्या काळचे व्यापारी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या हाताने अतिशय शक्तिशाली भिंगे घडविली आणि त्यांतून पाण्याचा थेंब, दातांवरील मळ असे जे दिसेल ते न्याहाळले. १६८१ मध्ये पोट बिघडले असता त्यांनी स्वतःच्याच मलाचा कण भिंगाखाली ठेवला. त्यात त्यांना हालचाल करणारे सूक्ष्म जीव दिसले. ते जिआर्डियाच होते, असे पुढील अभ्यासकांनी त्यांच्या वर्णनावरून ठरविले. १८५९ मध्ये प्राग येथील वैद्य व्हिलेम लांबल यांनी या जिवाचे अधिक तपशीलवार वर्णन केले. आजचे नाव आल्फ्रेड जिआर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून पडले आहे.

या जिवाची दोन रूपे आहेत. पहिले रूप लहान आतड्यात असते. शरीराच्या खालच्या बाजूस असलेल्या चकतीने ते आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटते आणि एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढत जाते. त्यामुळे अन्नरस शोषला जात नाही आणि प्राणी खाऊनही खंगतो. दुसरे रूप म्हणजे पुटी. टणक कवचात स्वतःला बंद करून घेतलेला हा जीव मलावाटे बाहेर पडतो आणि बाहेर पडताक्षणीच दुसऱ्याला बाधा करण्यास समर्थ असतो. थंड व ओलसर जागी तो आठवडेच्या आठवडे टिकतो. माणसाला बाधा होण्यास दहा-पंधरा पुट्यासुद्धा पुरतात. रोगाचे सारे बळ या पुटीत आहे आणि उपचाराची गुरुकिल्लीही तिच्यातच आहे.

लक्षणे आणि वजनाचा काटा

ग्लायडर कळपाने राहतात, एकमेकांचे अंग चाटतात, एकाच कापडी थैलीत बिलगून झोपतात. मादी आपली पिशवी चाटून स्वच्छ करते आणि तोंडावाटे बाधा पिलापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे पिंजऱ्यातील एकाला बाधा झाली असेल तर सर्वांनाच झाली आहे असे धरून चालावे.

पातळ, दुर्गंधीयुक्त, बुळबुळीत किंवा हिरवट-पिवळसर मल. शेपटीच्या मुळाशी ओलसरपणा. रात्री उड्या मारण्याऐवजी कोपऱ्यात बसून राहणे. अन्न खाऊनही वजन घटणे ही प्रमुख लक्षणे होत. काही प्राण्यांत मात्र कोणतेच लक्षण दिसत नाही आणि तरीही ते पुट्या टाकीत राहतात. मानेजवळची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत बसली नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तोंड कोरडे पडले, तर शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. अशा वेळी उद्यापर्यंत थांबणे धोक्याचे असते.

वजनाच्या बाबतीत व्यापारी कुटुंबाला वेगळे शिकवावे लागत नाही. सराफी दुकानात ग्रॅमपर्यंत अचूक तोलणारा काटा असतो, तसा लहान काटा घरी ठेवावा आणि दर आठवड्यास प्रत्येक प्राण्याचे वजन वहीत टिपावे. आजारपणात रोज टिपावे. एकशे दहा ग्रॅमच्या प्राण्याचे वजन दहा ग्रॅमने घटले तर ती घट डोळ्यांना दिसत नाही. पण पासष्ट किलोच्या माणसाचे वजन सहा किलोंनी उतरावे, तितकी ती मोठी असते. वही ती ताबडतोब दाखवते.

निदान अंदाजाने नको

अतिसाराची कारणे अनेक आहेत. फळांचा अतिरेक, आहारातील अचानक बदल, जिवाणू, इतर परजीवी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. म्हणून मलाची तपासणी अपरिहार्य ठरते. ताजा नमुना स्वच्छ, झाकणबंद डबीत घेऊन शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकाकडे न्यावा. जिआर्डियाचे हालचाल करणारे रूप ताज्या नमुन्यातच दिसते. पुट्या रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. म्हणून एका दिवशी काही आढळले नाही तरी निर्धास्त होऊ नये. तीन ते पाच दिवसांत वेगवेगळे तीन नमुने तपासावेत, हा रूढ संकेत आहे. याशिवाय परजीवीचे प्रथिन ओळखणारी चाचणीही उपलब्ध आहे.

जिल्ह्यातील पशुवैद्यकांचा बहुतेक अनुभव गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्या-मांजरांचा असणे स्वाभाविक आहे. तथापि मलाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे त्यांचे नित्याचे काम आहे. तेव्हा प्रथम त्यांच्याकडेच जावे आणि त्यांच्यामार्फत विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या शहरातील पशुवैद्यकांशी संपर्क साधावा. नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असल्याने सुरत व नवसारीची वाट सोपी आहे. नवसारी आणि मुंबईतील परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. संपर्काचा दूरध्वनी क्रमांक प्राणी आजारी पडण्यापूर्वीच भिंतीवर लावून ठेवावा.

उपचारात सामान्यतः मेट्रोनिडॅझोल किंवा फेनबेंडॅझोल ही औषधे वापरली जातात. पहिले अत्यंत कडू असते. प्राणी लाळ गाळतो, औषध थुंकतो, कधी खाणेही सोडतो. दुसऱ्याचे प्रमाण वाढल्यास काही प्राण्यांत अस्थिमज्जेवर दुष्परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत. माणसाच्या गोळीचा तुकडा किंवा कुत्र्याच्या औषधाचा थेंब अंदाजाने देणे म्हणजे या जिवाच्या प्राणांशी खेळणे होय. मात्रा ग्रॅमच्या हिशेबाने पशुवैद्यकानेच ठरवावी. ते सांगतील तितके दिवस औषध द्यावे आणि लक्षणे नसली तरी पिंजऱ्यातील सर्व प्राण्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने एकाच वेळी द्यावे. जायफळ, इसबगोल, हिंग यांसारखे घरगुती उपाय येथे करू नयेत. पशुवैद्यकाकडे पोहोचेपर्यंत प्राण्याला उबेत ठेवावे आणि पाणी सतत समोर असू द्यावे.

औषधाची जमा, पुटीची नावे

औषध आतड्यातील परजीवी मारते. पिंजऱ्यातील पुटी तशीच राहते. प्राणी पंजा चाटतो, पुटी पुन्हा पोटात जाते आणि चार आठवड्यांनी अतिसार परत येतो. घरचे लोक मग औषधाला दोष देतात. वस्तुतः जमेच्या बाजूस औषध लिहिले गेले आणि नावेची बाजू पाहिलीच गेली नाही, अशी ही खतावणी असते. ती जुळवायची तर स्वच्छतेला औषधाइतकेच महत्त्व द्यावे लागते.

औषध सुरू होताच पिंजऱ्यातील लाकडी फांद्या, दोर, सच्छिद्र खेळणी काढून टाकावीत, कारण त्यांच्या भेगांतील पुटी निघत नाही. झोपण्याच्या थैल्यांचे दोन संच करावेत. वापरलेली थैली रोज बदलून उकळत्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळवावी. वाट्या व पाण्याची बाटली रोज गरम पाण्याने धुवावी. पिंजऱ्यातील मल हातमोजे घालून रोज उचलावा. पिंजरा धुताना प्राण्यांना दुसरीकडे ठेवावे, आधी साबणाने सारा चिकटा काढावा, मग पशुवैद्यकाने सुचविलेले जंतुनाशक लावून ते सांगितलेला वेळ तसेच राहू द्यावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. औषधाच्या अखेरच्या दिवशी हे सारे पुन्हा एकदा करावे आणि काही आठवड्यांनी मलाची फेरतपासणी करून घ्यावी.

पुटीचे दोन वैरी आहेत, उष्णता आणि कोरडेपणा. वैशाख-ज्येष्ठात नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात पसरलेला पिंजरा व थैल्या फुकटात निर्जंतुक होण्यास मोठी मदत होते. पावसाळ्यात मात्र कपडा दोन दिवस ओला राहतो. त्या काळात उकळते पाणी आणि इस्त्री यांवरच भिस्त ठेवावी.

उकळलेल्या पाण्याचे मोल

पुटीचा आकार मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. कापडाने गाळलेल्या पाण्यातून ती सहज निसटते. क्लोरीनलाही ती साध्या जिवाणूंपेक्षा बराच काळ दाद देत नाही. पाण्याला एक मिनिट खळखळून उकळी आली की मात्र ती मरते. तपश्चर्येच्या दिवसांत आणि चातुर्मासात आपल्या अनेक घरांत उकळून थंड केलेले पाणी असतेच. तेच पाणी पिंजऱ्यातील बाटलीत बारमाही भरावे. वेगळा खर्च नाही. फळे धुऊन, साल काढून द्यावीत.

जिआर्डियाचे अनेक उपप्रकार आहेत. त्यांतील दोन माणसाला बाधतात, काही कुत्र्यांत, मांजरांत किंवा गुराढोरांत राहतात. आपल्या प्राण्यातील उपप्रकार कोणता हे साध्या तपासणीत कळत नाही; म्हणून सावधगिरी सर्वांसाठीच घ्यावी. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. नुसते सॅनिटायझर पुटीवर पुरेसे चालत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या जागी ठेवू नये आणि तो धुण्याचे काम लहान मुले वा गर्भवती स्त्रिया यांच्याकडे देऊ नये. घरात कोणाला आठवडाभर पातळ, तेलकट मल, पोटफुगी असा त्रास होऊ लागला तर घरात प्राणी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणण्यापूर्वीचा विचार

नंदुरबार जिल्ह्याला साथीचा अर्थ ठाऊक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातील पक्षी मोठ्या संख्येने मारावे लागले. तो विषाणू होता, जिआर्डिया परजीवी आहे. दोहोंचे स्वरूप भिन्न. पण आजारी प्राणी वेगळा ठेवला नाही तर रोग पसरतो, हा धडा दोन्हीकडे एकच. नवा ग्लायडर आणल्यास तो निदान एक महिना वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याच्या मलाची तपासणी करून घ्यावी, त्याची भांडी व थैल्या वेगळ्या असाव्यात. ओळखीच्यांकडून पिंजरा उसना आणू नये.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उडती खार हा आपल्याकडील वनांतील वन्यप्राणी असून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तिला संरक्षण आहे. ग्लायडर म्हणून कोणी खार गळ्यात मारीत असेल तर ती घेणे हा गुन्हा ठरतो. दुसरी गोष्ट आहाराची. निसर्गात ग्लायडर झाडाचा डिंक व मकरंद यांबरोबर कीटकही खातो आणि पाळीव प्राण्याच्या आहारात प्रथिनांसाठी बहुधा कीटक किंवा अंडे सांगितले जाते. आपल्या घराच्या आचारात हे बसते का, याचा निर्णय प्राणी आणण्यापूर्वीच करावा. अर्धपोटी ठेवलेला जीव परजीवीला लवकर बळी पडतो. आणि आजाराला कंटाळून त्याला सातपुड्याच्या जंगलात सोडून देणे ही तर सुटका नव्हे. त्यात त्याचा मृत्यू असतो आणि तेथील प्राण्यांना रोगाचा धोका.

जंतुनाशक आणि औषध वापरताना सूक्ष्म जिवांची हिंसा होते, हा विचार आपल्या घरांत उठणे साहजिक आहे. जयणा शब्दाचा अर्थ येथे उपयोगी पडतो. जयणा म्हणजे जीव जपत, सावधपणे केलेले वर्तन. रोज उचललेला मल, कोरडी थैली, उकळलेले पाणी, वेगळा ठेवलेला नवा प्राणी या साऱ्या सवयी पाळल्या तर पुटी वाढतच नाही आणि पुढची औषधे व धुणी पुष्कळ अंशी टळतात. ज्या घराला इतका वेळ देणे शक्य नाही, त्याने पिंजरा न आणणे हीच खरी जीवदया. ज्या घरात तो आलाच आहे, त्याने आजच वजनाची वही घालावी.