गेटवरचा अशोक खरा की खोटा?

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव... गिरणा खोऱ्यातल्या बहुतेक कॉलेजांत एक दृश्य सारखंच असतं. गेटपासून ऑफिसपर्यंत रांगेत उभी असलेली उंच, सडपातळ, फांद्या खाली सोडलेली हिरवीगार झाडं. नाव विचारलं की कुणीही सांगेल, 'अशोक!' बॉटनीचा एखादा विद्यार्थी मात्र हळूच म्हणेल, 'भो, हा तो अशोक नाहीच.'

त्याचं म्हणणं खरं आहे. 'अशोक' या एकाच नावाखाली आपण दोन झाडं खपवतो आणि त्यांचं एकमेकांशी जवळचं नातंही नाही. रामायणातल्या अशोकवनाशी जोडला जातो तो सीता अशोक. शास्त्रीय नाव साराका असोका. जुन्या पुस्तकांत तो 'साराका इंडिका' या नावानं भेटतो. गेटवर उभा आहे तो खोटा अशोक, म्हणजे आसोपालव. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव 'पॉलिअल्थिया लाँगिफोलिया' असं आहे. 2012 मध्ये त्याला 'मोनून' या प्रजातीत हलवण्यात आलं. दोघांतला फरक ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही. एक पान पुरतं.

चिंच की सीताफळ?

चिंच आणि सीताफळ आपल्याकडे कुणाला माहीत नाही? सीता अशोक हा चिंचेच्या घराण्यातला आणि आसोपालव सीताफळाच्या कुळातला. पानं बघितली की हे नातं लगेच पटतं.

सीताफळाचं पान एकेकटं असतं, आसोपालवचंही तसंच. लांबट, चकचकीत, टोकाला निमुळतं आणि कडा लाटेसारख्या दुमडलेल्या. सीता अशोकाचं पान मात्र चिंचेसारखं संयुक्त असतं. एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, साधारण चार ते सहा. टोकाला एकटी पर्णिका नसते, तिथंही जोडीच. चिंचेच्या पर्णिका इवल्याशा, अशोकाच्या वीतभर लांब, हाच काय तो फरक. त्यांच्या कडा सरळ असतात, आसोपालवसारख्या लाटा नसतात.

इथंच अनेकांची फसगत होते. सीता अशोकाची एक पर्णिका तोडून हातात घेतली की तेच पान वाटतं. मग पान नेमकं कुठून सुरू होतं, हे कसं कळणार? डोळा शोधा. लिंबाला डोळा भरताना आपण पाहतो तोच डोळा. तो पानाच्या देठाच्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या बुडाशी कधीच नसतो. जिथं डोळा, तिथून पान सुरू.

कोवळ्या पालवीच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नका. दोन्ही झाडांची नवी पालवी तांबूस असते. सीता अशोकाची पालवी मऊ झुपक्यांनी खाली लोंबते, जणू पाणी न मिळाल्यानं माना टाकल्यात. पण झाड आजारी नसतं, त्याची तऱ्हाच तशी.

एकच झाड, दोन ठेवणी

आता थोडी वरची परीक्षा. काही रस्त्यांच्या कडेला पसरलेल्या फांद्यांचं, सावली देणारं एक झाड दिसतं. पान हुबेहूब गेटवरच्या झाडाचं, पण आकार खांबासारखा नाही. हे तिसरं झाड आहे का? नाही, हाही आसोपालवच. खांबासारख्या प्रकाराला 'पेंड्युला' म्हणतात, म्हणजे लोंबता. त्याच्या फांद्या खोडाला बिलगून खाली उतरतात. जागा कमी लागते, म्हणून गेट आणि कंपाउंडला तोच लावला जातो. पण त्याची सावली नावालाच पडते.

म्हणजे जात ओळखायला पान आणि प्रकार ओळखायला झाडाची ठेवण. दोन्ही बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही. सीता अशोकाची ठेवण आणखी वेगळी. मध्यम उंची, दाट गोलसर माथा आणि वाढ अगदी सावकाश.

फुलं आली की वादच संपतो. आसोपालवची फुलं फिकट हिरवी, सहा पाकळ्यांची. झाडाखालून रोज जाणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. पुढं काळपट जांभळी फळं धरतात, त्यांवर कोकिळा आणि वटवाघळं ताव मारतात. सीता अशोक वसंतात केशरी-लाल गुच्छांनी भरून जातो, तेही थेट जुन्या फांद्यांवर. या फुलांना पाकळ्याच नसतात. आपल्याला पाकळ्या वाटतात ती रंगीत निदलं, बाहेर डोकावणारे लांब धागे म्हणजे पुंकेसर. नंतर चपट्या शेंगा येतात.

एवढा खटाटोप कशाला?

कारण प्रश्न नुसत्या नावाचा नाही. सीता अशोकाची साल आयुर्वेदात स्त्रियांच्या तक्रारींवर वापरतात. अशोकारिष्ट तिच्यापासूनच बनतं. मागणी मोठी, झाड हळू वाढणारं आणि साल सगळीकडून सोलली की झाड मरतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते 'असुरक्षित' गटात आहे. खरी साल मिळेना की बाजारात आसोपालवची साल तिच्या नावानं मिसळली जाते. एकदा साल वाळून भुकटी झाली की पान बघून ओळखायची सोय उरत नाही. ओळख पटवायची ती झाड उभं असतानाच.

दुसरी गोष्ट वृक्षारोपणाची. 'अशोकाची रोपं द्या' म्हटलं की नर्सरीवाला बहुधा आसोपालवच देतो. त्याची चूक नाही, आपण तेच नाव वापरतो. त्यामुळे 'सीता अशोक' असं स्पष्ट सांगा आणि रोपाची पानं जोडीजोडीनं आहेत का ते बघूनच घ्या.

लावताना जागा मात्र विचार करून निवडा. हा मुळात पश्चिम घाटातल्या ओढ्याकाठचा, ओलाव्यात आणि सावलीत वाढणारा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. उघड्या मैदानात एकटं रोप टिकणं अवघड. इमारतीची पूर्वेकडची बाजू, मोठ्या झाडाची सावली किंवा विहिरीजवळची जागा बघा आणि पहिले काही उन्हाळे पाणी चुकवू नका.

कॅम्पसवर झटपट ओळख

- पान एकटं, कडा लाटेसारख्या, झाड खांबासारखं : आसोपालव, पेंड्युला प्रकार
- पान तसंच, पण फांद्या पसरलेल्या : आसोपालवच, साधा प्रकार
- पर्णिका जोडीजोडीनं, कडा सरळ, माथा गोलसर : सीता अशोक
- गुगल लेन्सला विचारायचं असेल तर एका पर्णिकेचा फोटो नको. डोळ्यासकट पूर्ण पान, अख्खं झाड आणि असलंच तर फूल, असे तीन फोटो घ्या.

परीक्षेच्या तयारीतून पाच मिनिटं काढा आणि आपल्या कॅम्पसवर खरा अशोक एक तरी आहे का, ते मोजून बघा. नसेल तर येत्या पावसाळ्यात काय लावायचं, हे ठरलंच.