‘इन्फ्लॅमेबल’ आणि ‘फ्लॅमेबल’

ज्यांचा परस्परांशीं घोटाळा होतो असे शब्द इंग्रजींत पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या बाबतींत चूक वहींतच राहते. परंतु ‘इन्फ्लॅमेबल’ आणि ‘फ्लॅमेबल’ या जोडींतील चूक घर जाळूं शकते.

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरवर आपल्या देशांत ‘हायली इन्फ्लॅमेबल’ हीं अक्षरें रंगविलेलीं आढळतात. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर आणि ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक, हें शाळेंत शिकलेला मनुष्य त्याच न्यायानें या अक्षरांचा अर्थ ‘मुळींच न पेटणारें’ असा करूं लागला, तर त्याच्या तर्कास दोष देतां येणार नाहीं. वस्तुस्थिति मात्र अगदीं उलट आहे. जें सहज पेट घेतें तें ‘इन्फ्लॅमेबल’. आणि ‘फ्लॅमेबल’चाही अर्थ तोच!

याचें कारण लॅटिन भाषेंत सांपडतें. तेथें ‘इन्’ या रूपाचे दोन उपसर्ग आहेत : एक नकारार्थी, दुसरा ‘आंत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लॅमारे’, म्हणजे पेटविणें, या क्रियापदांत दुसरा आहे. त्यावरून ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे ज्वालाग्राही. हा शब्द जुना. ‘फ्लॅमेबल’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्याच्यामागून आला.

आग लागल्यावर व्युत्पत्ति सांगून उपयोग नसतो. हें ओळखून अमेरिकेंतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेनें १९२० नंतरच्या दशकांत ‘फ्लॅमेबल’चा पुरस्कार केला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेंही १९५९ मध्यें, संदिग्धता टाळण्यासाठीं, ‘फ्लॅमेबल’ आणि ‘नॉन-फ्लॅमेबल’ या शब्दांस उत्तेजन देण्याचें धोरण स्वीकारलें.

तेव्हां निवड कशी करावी? डबा, बाटली किंवा कोठार यांवर इशारा लिहावयाचा असेल तेथें ‘फ्लॅमेबल’च लिहावें, न पेटणाऱ्या वस्तूस ‘नॉन-फ्लॅमेबल’ म्हणावें. क्षणांत भडकणाऱ्या स्वभावास मात्र ‘इन्फ्लॅमेबल’ हें विशेषण शोभतें. तेथें गैरसमजानें कोणी भाजत नाहीं. प्रक्षोभक भाषणास ‘इन्फ्लॅमेटरी’ म्हणतात, कारण तें स्वतः पेटत नाहीं, दुसऱ्यास पेटवितें.

सारांश, केवळ उपसर्ग पाहून अर्थ ठरवूं नये. मराठींत ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे. इंग्रजी ‘इन्व्हॅल्युएबल’चेंही तसेंच आहे. आणि घरांतील स्पिरिटच्या बाटलीवर या दोहोंपैकीं कोणताही शब्द छापलेला असो, ती शेगडीपासून दूरच ठेवावी.